साक्षीदार नंबर दोन

अकराची वेळ दिलेली, पावणेतीन वाजले तरी खेमसिंगच्या नावाचा पुकारा झाला नव्हता. यवतमाळच्या कोर्टाच्या व्हरांड्यात तो आणि त्याची मुलगी उज्ज्वला बाकावर बसून होते. सकाळी तांड्यावरून दिग्रस गाठायचं, एसटी धरायची, इथं दिवसभर बाक झिजवायचं आणि पुढची तारीख घेऊन परत फिरायचं, याला चार वर्षं होत आली होती. पहिल्या वर्षी दोघं वाटेत निदान भांडत तरी होते. आता तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

समोर भिंतीला टेकून विठ्ठलराव उभे होते. विद्यापीठाच्या कार्यालयातले आवक-जावक कारकून, म्हणजे तसे शत्रुपक्षाचे. पण एकाच व्हरांड्यात चार वर्षं कंटाळलेल्या माणसांचं वैर टिकून टिकून किती टिकणार? दर तारखेला ते खेमसिंगला चहा पाजत.

केस सांगायला सोपी होती. उज्ज्वला विद्यापीठाच्या वसतिगृहात असताना तीन मुलींनी तिचा छळ मांडला. तिच्या बंजारा गोर बोलीच्या नकला करायच्या, तिच्याकडून कपडे धुऊन घ्यायचे, न्हाणीघरात कोंडून ठेवायचं. तिनं तक्रार लिहिली. स्वतः द्यायला गेलं तर त्या तिघी बघतील, म्हणून भेटायला आलेल्या बापाच्या हातात दिली आणि कार्यालयात नेऊन दे म्हणाली. मग आज कुणी बोलावेल, उद्या बोलावेल, अशी दोन महिने वाट पाहत ती तिथंच राहिली. कुणी बोलावलं नाही. एक दिवस त्या तिघींनी तिला जिन्यावरून ढकललं. मनगटाचा चुरा झाला आणि शिक्षण सुटलं. तक्रार हातात असून विद्यापीठ झोपून राहिलं, हा तिचा दावा. अशी तक्रार आमच्याकडे आलीच नाही, हे विद्यापीठाचं म्हणणं.

आणि विद्यापीठ खरं बोलत होतं. खेमसिंगपेक्षा हे जास्त कुणाला ठाऊक असणार?

त्या तिघींतली एक, सलोनी, त्यांच्याच तांड्याचे प्रमुख फुलसिंग नायक यांची नात. तांड्यातली भानगड आधी नायकाच्या कानावर घालायची, मग बाहेर न्यायची. नायकाला डावलून कचेरीची पायरी चढणारा तांड्यातून उठला म्हणून समजा. खेमसिंगनं रीत पाळली. कार्यालयाच्या दारातून मागे फिरला आणि कागद नायकाच्या हातात ठेवला.

"पोरीयचं नाव खराब व्हते. मी पाह्यतो," नायक म्हणाले होते. त्यांनी काही पाहिलं नाही, आणि पुन्हा विचारायची खेमसिंगची हिंमत झाली नाही. कागद दिला का, असं उज्ज्वला फोनवर विचारायची, तेव्हा तो खुशाल हाव, देला म्हणायचा. पोरीचं मनगट मोडल्यावरही त्यानं तेच सांगितलं. नायक मागच्या वर्षी वारले. आता खोटं पकडायलाही कुणी उरलं नव्हतं.

विद्यापीठानं तडजोडीचा निरोप दोनदा धाडला. पुन्हा प्रवेश देतो, लेखी दिलगिरी देतो. वकीलसाहेब खूश झाले, पण उज्ज्वला अडून बसली. आधी माझ्या बापाची साक्ष होऊ द्या, मग काय ते पाहू, एवढंच ती म्हणे. पोरीचा हा विश्वास खेमसिंगला गोणीसारखा जड व्हायचा. कागद कार्यालयात विठ्ठलरावांच्या हातात दिला, असं त्यानं प्रतिज्ञापत्रावर सहीनिशी लिहून दिलं होतं. आज उलटतपासणी होती. तेच पुन्हा एकदा ठामपणे सांगितलं की केस जिंकल्यात जमा, असं वकिलांनी बजावलं होतं.

विठ्ठलराव चहाचे कप घेऊन आले आणि शेजारी टेकले.

"खेमसिंगभाऊ, एक इचारू का? तुमी खरंच माह्या हातात कागद देलता? मले काईच आठवत नाई. पण तुमी खोटं कायले बोलसान? माह्यंच डोकं कामातून गेलं असन. घरचेबी तसंच म्हणून राह्यले."

खेमसिंगनं कप बाकावर ठेवला. या माणसाच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. सगळा ठपका त्याच्यावर येणार होता, आणि तो मात्र स्वतःच्याच डोक्याला दोष देत बसला होता. खेमसिंगला आपली लाज वाटली.

तेवढ्यात पुकारा झाला.

विद्यापीठाच्या वकिलानं फार फाटे फोडले नाहीत. तक्रारीचा अर्ज कार्यालयात नेमका कुणाच्या हातात दिला, एवढंच विचारलं. खेमसिंगनं विठ्ठलरावांकडे पाहिलं, मग उज्ज्वलाकडे. ती मान ताठ करून त्याच्याकडेच बघत होती.

"नाई देला," तो म्हणाला. "हापिसात गेलोच नाई मी. कागद आमच्या नायकाले देलता. पोरीले खोटं सांगतलं. या बाबूची काई चूक नाई."

न्यायाधीशांनी त्याला तेच पुन्हा म्हणायला लावलं आणि शब्दन् शब्द लिहून घेतला. उज्ज्वलाचे वकील फाइल काखेत मारून निघून गेले. आता या दाव्यात राम उरला नाही, हे सांगायलाही ते थांबले नाहीत. विठ्ठलराव बाकावर बसून रुमालानं चष्मा पुसत राहिले.

बाहेर आल्यावर खेमसिंगला पोरीकडे बघवेना. तिचं मनगट, तिचं शिक्षण, चार वर्षांच्या तारखा, सगळं त्यानं एका दमात पाण्यात घातलं होतं. ती आता रडेल, नाहीतर जन्मभर तोंड बघणार नाही, असं धरून तो फाटकापाशी उभा राहिला.

उज्ज्वलानं त्याच्या हातातली पिशवी घेतली. ती फार थकलेली दिसत होती.

"कागद तिच्या आजाजवळ हाय, हे सलोनी मले दवाखान्यातच सांगून गेलती, बा," ती म्हणाली. "घरी किती डाव इचारलं तुले. तू हापिसातच देला म्हणत राह्यला. कोर्टात तरी खरं सांगशीन, म्हणून मंग केस टाकली."