जट
दुष्काळामुळं कोकणात मासेमारीच्या बोटीवर कामाला गेलेला बीडजवळच्या पालीचा जालिंदर पोतराज परतला आणि बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला बसला. देवीला वाहिलेली कमरेपर्यंतची जट कापायला न्हावी धजेना. सोसायटीचे चेअरमन मोहनराव कडाडले, "वादळात बोट उलटली तवा ह्याच जटेला धरून तुला वर ओढलं न्हाई का? देवीनंच वाचवलं की बे!" "जट देवीची व्हती, चेअरमनसाहेब," जालिंदर म्हणाला, "पण ओढणारा हात खलाशाचा व्हता. हाका मातर देवीलाच मारत व्हतो." "जट कापलीस तर पाऊस पडायचा न्हाई!" मोहनरावांनी बजावलं. ती जट देवीला वाहणारी त्याची म्हातारी आई पुढं आली. तिनं न्हाव्याच्या हातातली कात्री घेतली. "आन् जट व्हती तवा पडला व्हय?" लेकाची मान वाकवून तिनं जट कापली. मग सगळ्यांदेखत म्हणाली, "आता मान वर कर, लेका."