उभं खाचर

कोजागरी सरली आणि भरे गावात आठवडाभर अशी मायाळू हवा पडली, की ऊन टोचेना आणि गारठा झोंबेना. अंथरुणाला खिळलेल्या गेणबांना घरची माणसंही तशीच निवळलेली दिसली. उन्हाळाभर पाण्यासाठी हाका मारल्या तरी न फिरकलेली सून, सगुणा, आता दोन्ही वेळा मऊ पेज भरवत होती. ज्ञानदेव भातकापणीवरून आला, की हातपाय धुवायच्या आधी बापाची छाती हलतेय ना, ते बघत होता.

"आबा, येवढा आठवडा जपा बरं का जिवाला," सगुणा लाडानं म्हणायची.

गेणबांनी जन्मात कुणाची माया फुकट घेतली नव्हती. त्यांनी कारण शोधलं आणि ते लगेच सापडलं. मागल्या साली त्यांचा चुलतभाऊ ऐन कापणीत गेला. सुतक फिटेपर्यंत भावकीत कुणी विळ्याला हात लावला नाही, आणि पिकलेलं भात उभ्या उभ्या चिखलात झडलं.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी लेकाला विचारलं, "किती ऱ्हायलं रं कापायचं?"

"वढ्याकडचं येकच खाचर."

"मंग त्येवढं ऱ्हाऊ दे की उभं. हवा चांगली हाय, घाई कसली?"

ज्ञानदेवानं त्यांचं पांघरूण नीट केलं. "हवा चांगली हाय तवरच उरकतो, आबा."

रविवारी दुपारी शेवटचा भारा खळ्यावर येऊन पडला. संध्याकाळी पेज आली नाही. गेणबांनीही हाक मारली नाही.