शनिवारचं पाणी

“साहेब, तुम्ही खोटं बोललात,” पाणीवाला म्हणाला. “आठवडाभर टिकतं म्हणालात. आज सहावा दिवस. बाटलीत नुसतं पाणी आहे.”

त्याने ओली पट्टी टेबलावर टाकली. पाण्यात दम असला की पट्टी निळी होते. ही पांढरीफटक होती.

इस्पितळात त्याला सगळे पाणीवालाच म्हणत. तळमजल्यावर त्याच्या ताब्यात प्लाझ्माचं मशीन होतं; रक्तातला प्लाझ्मा नव्हे, विजेने पेटवलेला वायू. नळीच्या तोंडाशी जांभळा उजेड पेटायचा. बोट धरलं तरी भाजायचं नाही, इतका थंड. तो उजेड पाण्यावर पंधरा मिनिटं धरला की त्या पाण्याने जखमेतले जंतू मरत. ताजं असेपर्यंत. ताजं किती वेळ, ते मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात होतं आणि पुस्तक साहेबांच्या कपाटात. रोज चालवलं तर मशीन झिजतं, म्हणून साहेबांनी हुकूम सोडला: आठवड्याच्या बाटल्या सोमवारीच भरून फ्रीजमध्ये ठेवा. तपासणीच्या वहीत रोजची एक पट्टी लागते, त्याही सोमवारीच भिजवून चिकटवा. उगाच रोज कोण खाली-वर करणार?

पाणीवाल्याने चिकटवल्या. दोन वर्षं. इतर दिवशी एकदाही पट्टी बुडवून पाहिली नाही. साहेब शिकलेले, ते सांगतात म्हणजे असेलच.

चार महिन्यांपूर्वी त्याच्या वडिलांच्या टाचेला जखम झाली. साखरेचा आजार, जखम भरेना. त्याने स्वतः खटपट करून त्यांना जखम धुण्यासाठी शनिवारची वेळ मिळवून दिली. दर शनिवारी तो स्वतःच्या हाताने जखम धुवायचा. म्हातारा हसायचा, “पाय राहू दे, पापं धुऊन निघाली तरी पुष्कळ.”

आज सकाळी डॉक्टर म्हणाले, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. तेव्हा कुठे त्याने शनिवारच्या बाटलीत पट्टी बुडवली.

साहेबांनी टेबलावरच्या पट्टीकडे पाहिलंही नाही. त्यांनी वही उघडली आणि त्याच्यापुढे फिरवली. ओळीने निळ्या पट्ट्या. सगळे शनिवार निळेशार.

“प्रत्येकीखाली सही कुणाची आहे?” साहेबांनी शांतपणे विचारलं. “आता जा. आणि दार ओढून घ्या.”

वॉर्डात वडील उशीला टेकून बसले होते. नर्सने पायावर पेनाने रेघ मारून ठेवली होती. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. त्याच्यापासून काही लपवण्यात अर्थ नव्हता. पाणीवाल्याने सगळं सांगितलं. बाटल्या, पट्ट्या, सह्या. शेवटी म्हणाला, “बाबा, मी सोडणार नाही त्या साहेबाला. वरपर्यंत जाईन. जाब विचारीन.”

म्हाताऱ्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं.

“मला तर सगळेच वार सारखे होते,” तो म्हणाला. “शनिवार तू धरलास. गर्दी नसते, निवांत या, म्हणालास.”

पाणीवाल्याने मान खाली घातली.

“त्याला काय विचारायचं ते नंतर विचार. आधी मला सांग. सोमवारी आलो असतो, तर हा पाय राहिला असता का?”

पाणीवाला पायाशी चुरगळलेली चादर सारखी करू लागला.

“बोल की रे.”