आईला विचारायचं होतं

"बाळाला मांडीवर घेतल्यावर काय वाटतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुसऱ्या कुणाचं तरी सांभाळायला घेतल्यासारखं," ती खाली बघत म्हणाली.

शेजारी मावशी बसली होती. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. त्याच्या पाठीवरून फिरणारा मावशीचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

बाळंतपणाआधी ती मुलांना पोहायला शिकवायची. काठाला चिकटून बसलेली पोरं तिच्या एका हाकेवर पाण्यात उडी टाकायची. आता तिला स्वतःला अंथरुणातून उठायचंही जिवावर यायचं. नवरा नोकरीसाठी परगावी. आपलं म्हणावं अशी एकटी मावशी, तिनंच तिला लहानाचं मोठं केलेलं.

"सकाळी जास्त जड जातं हिला," मावशी म्हणाली. "संध्याकाळी जरा बरं असतं. हो ना गं?"

तिनं मान हलवली. हे ती मावशीला कधी बोलली नव्हती.

डॉक्टर शांतपणे समजावत होते. बाळंतपणानंतर शरीरात उलथापालथ होते, झोपेचं खोबरं होतं, हातातलं काम सुटतं, माणूस एकटा पडतो. यात तुमचा काही दोष नाही.

"कधी कधी घराण्यातही असतं. तुमच्या आईला असं काही झालं होतं?"

"मी लहान असतानाच आई गेली. मला तिचा चेहराही नीट आठवत नाही, नुसता केसांचा वास आठवतो. आता ती हवी होती, डॉक्टर. तिला विचारलं असतं, मी झाले तेव्हा तुलाही असंच वाटायचं का."

"वाटायचं," मावशी म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"बाळ रडलं की ती कान झाकून भिंतीकडे तोंड करून पडायची. शेवटी थोरल्या बहिणीनं बाळाला आपल्या घरी नेलं. बाळ तिलाच आई म्हणायला लागलं. बाळंतीण बरी झाली, पण तोवर उशीर झाला होता. मग तिनं कुणालाच काही सांगितलं नाही."

"काहीतरी काय, मावशी? आईला कुठे होती थोरली बहीण? तुम्ही दोघीच. थोरली तीच, धाकटी तू."

मावशीनं बाळ अलगद तिच्या मांडीवर ठेवलं.

"गेली ती थोरली," ती म्हणाली. "आई नाही गेली."