तीन हजार पावलं

दिवसभर कांद्याच्या वाफ्यात उकिडवं बसून खुरपून केराबाईचे गुडघे आखडले होते. तरी पोटाला बांधलेल्या, पावलं मोजणाऱ्या पट्ट्याचा दिवा अजून लाल होता.

"आज तुम्ही बसूनच होता. पोटाचा घेर वाढतोय. तीन हजार पावलं चाला," पट्टा गोड आवाजात म्हणाला. तो हिरवा झाल्याशिवाय उद्या कुणी कामाला घेणार नव्हतं.

"बसून व्हते? ये तू खुरपाया!" केराबाई करवादली आणि पाय ओढत बांधावरून फेऱ्या घालू लागली. मागंपुढं बाकीच्या बायाही तशाच चालत होत्या.

दिवेलागणीला पट्टा हिरवा झाला. "शाब्बास! आता भात टाळा. डाळी, भाज्या, फळं खा."

घरात रेशनचा तांदूळ तेवढा होता. उद्याच्या फेऱ्या धरून केराबाईनं आधणात मूठभर जास्तच वैरला.