लोक काय म्हणतात

“लोक काय म्हणतात?” गाडी सिग्नलला थांबली तसं मंत्र्यांनी विचारलं.

रोजचाच प्रश्न. ड्रायव्हरने आरशात पाहिलं. पर्यावरणमंत्री मागे चष्मा पुसत बसले होते, शेजारी सचिव बाई मांडीवर फाइल घेऊन.

“कशाबद्दल, साहेब?”

“कचरा जाळायच्या भट्टीबद्दल. मैदानामागे व्हायचीय ती. तू त्याच बाजूला राहतोस ना?”

“जवळच, साहेब.”

“मग सांग. दुपारी सही करायचीय.”

या सहीने मंत्र्यांची झोप उडवली होती. मागे एकदा लोकांचा अंदाज चुकला आणि पाच वर्षं घरी बसावं लागलं. तेव्हा पाहणीवाल्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं की लोक खूश आहेत. निकालाच्या दिवशी बंगल्यावर चहा प्यायलाही कोणी फिरकलं नाही. तेव्हापासून पाहण्यांच्या बाबतीत त्यांनी कानाला खडा लावला. पुन्हा निवडून आले, ते ड्रायव्हरला विचारून विचारून.

“अहवाल चांगला आहे, सर,” सचिव बाई म्हणाल्या. “दहातल्या सात जणांना भट्टी हवीय. कचरा मिटेल, वर वीज मिळेल.”

“तू बोल रे.”

ड्रायव्हरने गिअर टाकला. “लोक म्हणतात, कचरा जाळला म्हणजे संपला असं नाही. वर गेलेलं खालीच येणार. मग धुणं वाळत घालायचं कुठं?”

“आणखी?”

“म्हातारी माणसं दिवसभर खिडकीशी पडून असतात. खिडकी लावली तर त्यांनी बघायचं काय आणि उघडली तर श्वास घ्यायचा कसा? ओला-सुका वेगळा करायला लोक तयार आहेत, साहेब. पण नेणारे गाडीत सगळं पुन्हा एकत्र करतात. मग जीव कशाला आटवायचा, म्हणतात.”

“सगळे असंच म्हणतात?” सचिव बाईंनी विचारलं.

“मी तरी दुसरं ऐकलं नाही, मॅडम.”

बाईंनी नाक मुरडलं. मंत्री हसले.

“पिशव्यांच्या बंदीच्या वेळी यानेच सांगितलं होतं, आधी कापडी पिशवी स्वस्त करा. केली. कोणी ब्र तरी काढला का?”

बाईंनी फाइल मिटली.

कार्यालयाच्या आवारात बाकीचे ड्रायव्हर झाडाखाली कोंडाळं करून बसले होते. कुणाच्या साहेबांचं कुणाशी फाटलं, याच्या गप्पा रंगल्या होत्या. हा त्यात कधी जात नसे. काचा वर करून गाडीतच डबा खायचा, मग डुलकी काढायची. साहेबांना त्याचं हेच आवडायचं. इकडचं तिकडे करणारा माणूस नव्हता तो.

दुपारी साहेब पायऱ्या उतरले तेच मोकळ्या चेहऱ्याने.

“नाही केली सही. आधी गाड्या सुधारू. वेगवेगळा कचरा वेगवेगळाच गेला पाहिजे.” त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. “तू आहेस म्हणून लोक काय म्हणतात ते मला कळतं. नाहीतर मी पुन्हा तोंडावर आपटलो असतो.”

ड्रायव्हरचे कान गरम झाले. त्याने घाईने दार उघडून धरलं.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा बायको गॅलरीत धुणं काढत होती. आत बाबा नेहमीसारखे खिडकीशी पलंगावर पडून मैदानातल्या मुलांचा खेळ बघत होते. उठणं-बसणं बंद झाल्यापासून त्यांचं सगळं जग त्या चौकटीत आलं होतं.

“काय झालं?” तिने विचारलं.

“नाही होत भट्टी.”

हातातली चादर छातीशी धरून ती तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. इतक्या दिवसांची धास्ती होती.

“बाबा, खिडकी राहू दे हं उघडी,” तिने आत हाक मारून सांगितलं.

मग चादरीची दोन टोकं नवऱ्याच्या हातात दिली. दोघांनी मिळून घडी घातली.

“बरं, ऐका,” ती म्हणाली. “उद्या साहेबांनी विचारलं तर सांगा, लोक म्हणतायत, गाड्या कमी वापरा म्हणून नुसते सल्ले देऊ नका, आधी आमच्या कोपऱ्यापर्यंत बस आणा.”