‘उघडलं. मी.’

प्रोग्रामरांचा कोड ज्या सर्व्हरवर असतो, तिथल्या परवानग्या बारा वर्षं बाईंच्याच हातात होत्या. सगळं ऑफिस त्यांना ‘कुलूपवाल्या बाई’ म्हणायचं आणि बाईंना ते आवडायचं. कुणाची अडलेली वर्कस्पेस, म्हणजे सर्व्हरवरचा कामाचा कप्पा, सोडवली की त्या नोंदीत दोनच शब्द लिहीत: ‘उघडलं. मी.’ नाव लिहायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

त्या सकाळी त्यांचीच वर्कस्पेस उघडेना. ‘परवानगी नाही. ही दुसऱ्याची आहे.’ मालकाच्या रकान्यात मात्र नाव त्यांचंच होतं आणि कॉम्प्युटरही त्यांचाच.

“बाई, मालकिणीलाच उंबऱ्याबाहेर उभं केलंय की!” शेजारचा टेस्टर हसला. “दुसऱ्या कुणाला बोलवू का?”

“माझ्या कुलपाला दुसऱ्याचा हात? जेवायच्या सुट्टीआधी उघडलं नाही, तर ही खुर्ची सोडते.”

त्यांनी परवानग्या पुन्हा दिल्या, पासवर्ड बदलला, मशीन बंद करून चालू केलं. ढिम्म. मग त्यांनी ठेवणीतली कमांड काढली. आधीच्या मालकाचे सगळे हक्क काढून घेतले आणि मालकी स्वतःकडे घेतली.

फायली धडाधड उघडल्या. टेस्टरने टाळ्या वाजवल्या. बाईंनी ताठ मानेनं लिहिलं: ‘उघडलं. मी.’

त्या मागे रेलल्या, हात मांडीवर ठेवले. तेवढ्यात त्यांच्या नोंदीखाली, त्यांच्याच लॉगिनवरून, आणखी एक ओळ उमटली.

‘माझ्या खुर्चीत कोण बसलंय? मी.’